धारिकेचा ताळा
संगणकातील प्रत मुळाबरहुकूम आहे काय, हे पाहण्याची रीत

शाळेत गुणाकार शिकलेल्या कोणालाही ‘ताळा’ हा शब्द नवा नाही. उत्तर काढून झाले की गुरुजी ताळा करून पाहावयास सांगत. समजा, ३४७ ला २६ ने गुणून ९०२२ हे उत्तर आले. ३४७ मधील अंकांची बेरीज १४, आणि १४ मधील अंकांची बेरीज ५. २६ मधील अंकांची बेरीज ८. पाच आठे चाळीस; चार आणि शून्य मिळून ४. आता उत्तराकडे वळावे. ९०२२ मधील अंकांची बेरीज १३, म्हणजे पुन्हा ४. दोन्हीकडे चारच आले, ताळा जमला. सारा गुणाकार पुन्हा न मांडता एका लहानशा अंकावरून मोठ्या आकड्याची परीक्षा घेणे, हे या युक्तीचे मर्म होय.

आज पंचायतीची इतिवृत्ते, शाळेचे निकालपत्रक, जमिनीचे उतारे, सभांची छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या मुलाखती संगणकात साठविल्या जातात. अशा प्रत्येक साठवणीला इंग्रजीत ‘फाईल’ म्हणतात. कार्यालयीन मराठीत तिला ‘धारिका’ असे नाव आहे. धारिका एका संगणकातून दुसऱ्यात, तेथून पेनड्राइव्हवर, पुढे टपालाने किंवा इंटरनेटवरून तिसऱ्याच गावी जाते. या प्रवासात तिच्यातील एखादे अक्षर गळले, एखादा आकडा बदलला, किंवा कोणी मुद्दाम बदलला, तर तो ओळखावा कसा? कागदावरील खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातील खाडाखोड दिसत नाही. म्हणूनच गुरुजींचा ताळा येथे नव्या रूपाने उपयोगी पडतो. तो करण्याचे साधन बहुतेक संगणकांत आधीपासूनच असते आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

एक हरवलेला संग्रह

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. गोव्यातील एका गावी काही हौशी कार्यकर्त्यांनी वयस्क स्त्रियांकडून धालोची गीते ध्वनिमुद्रित करून घेतली होती. पौषातल्या रात्री मांडावर म्हटली जाणारी ही गीते बऱ्याच घरांतून आता विसरली जात आहेत. त्यामुळे हे काम मोलाचे होते. सर्व ध्वनिमुद्रणे एका संगणकात होती. तो संगणक दुसऱ्या कामास हवा होता, म्हणून बाजारातून स्वस्तात एक पेनड्राइव्ह आणण्यात आला. त्यावर छापलेली क्षमता भरपूर होती. प्रती उतरल्या, पडद्यावर एकूण एक नावे दिसली, प्रत्येकीपुढे तिचा आकारही बरोबर दिसला. कार्यकर्त्यांनी समाधानाने संगणक पुसून मोकळा केला.

पुढे वर्षभराने गीते ऐकावयास घेतली, तेव्हा पहिली काही व्यवस्थित वाजली आणि नंतरच्या गीतांतून आवाजच येईना. तो पेनड्राइव्ह बनावट होता. वर छापलेल्या क्षमतेपेक्षा आतली जागा पुष्कळ कमी होती. असा पेनड्राइव्ह जागा संपल्यावरही तक्रार करीत नाही. तो नावे लिहून घेतो, आकार दाखवितो आणि मजकूर मात्र टाकून देतो. ज्या आजींनी सर्वांत जास्त गीते सांगितली होती, त्या तोवर निवर्तल्या होत्या.

संगणक पुसण्यापूर्वी मूळ आणि प्रत या दोहोंचा ताळा घेतला असता तर ही हानी टळली असती. ते काम फार तर अर्ध्या तासाचे होते. नाव दिसते आणि आकार जुळतो, एवढ्यावरून प्रत शाबूत आहे असे मानू नये, हाच या प्रसंगाचा धडा होय.

पूर्वजांची सावधगिरी

प्रत मुळाबरहुकूम राहावी ही चिंता काही संगणकाने निर्माण केलेली नाही. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उठवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, हा त्याचा अर्थ. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लांब पत्र तयार होई. तेव्हा मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्याच्या पाठीमागेही शिक्का मारण्याची रीत होती. एका हाताने दुसऱ्या हाताची नक्कल करताना ग्रंथांत अपपाठ शिरतात, हेही आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच कारणास्तव. वेदपठण करणाऱ्यांनी पद, क्रम, जटा आणि घन अशा निरनिराळ्या पाठांनी तेच शब्द उलटसुलट क्रमाने म्हणण्याची शिस्त घालून घेतली. एका पाठात चूक झाली तर दुसरा पाठ ती उघडी पाडी.

या सर्व उपायांमागे विचार एकच आहे. मूळ मजकुराबरोबर त्याच्यापासूनच निघालेली, पण त्याच्याहून निराळी अशी एक खूण जतन करावयाची, आणि वेळ येताच मजकूर व खूण एकमेकांशी ताडून पाहावयाची. संगणकातील ताळा ही अशीच खूण आहे.

नवाचा ताळा अपुरा का पडतो

वर केलेला ताळा ‘नवाचा ताळा’ म्हणून ओळखला जातो. त्यात एक उणीव आहे. लिहिताना ९०२२ ऐवजी चुकून ९२०२ लिहिले गेले, तरी अंकांची बेरीज १३ च येते आणि चूक सापडत नाही. आकडे उतरवून घेताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होणे ही तर नित्याची चूक आहे.

ती पकडण्यासाठी गणितज्ञांनी अधिक सूक्ष्म ताळे शोधून काढले. आपल्या आधार क्रमांकाचे उदाहरण घ्यावे. त्यात १२ अंक असतात. पण त्यांतील शेवटचा अंक हा आधीच्या ११ अंकांवरून काढलेला ताळा असतो. याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने तो काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटे लिहिले गेले, तर ही रीत ते हटकून दाखवून देते. अर्जावर चुकीचा क्रमांक लिहिताच संगणक तो तत्काळ नाकारतो, याचे इंगित हे आहे.

तथापि हे ताळे अनवधानाने होणाऱ्या चुकांसाठी आहेत. ज्याला मुद्दाम फसवावयाचे आहे, तो आकडा असा बदलील की ताळाही जमून जाईल. अशा माणसापासून धारिकेचे रक्षण करावयाचे तर ताळा असा हवा, की धारिकेवरून तो सहज काढता यावा, पण ठरावीक ताळा येईल अशी दुसरी धारिका कोणालाही बनविता येऊ नये. अशा ताळ्याला संगणकशास्त्रात ‘हॅश’ म्हणतात. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने २००२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केलेला ‘एसएचए-२५६’ हा प्रकार आज जगभर रूढ आहे. बोलताना त्याला ‘शा-२५६’ असे म्हणतात. या लेखात पुढे तेच नाव वापरले आहे.

शा-२५६ चे स्वरूप

धारिका एका ओळीची असो वा एखाद्या चित्रपटाएवढी मोठी असो, तिचा शा-२५६ ताळा नेहमी ६४ चिन्हांचाच येतो. ही चिन्हे सोळा प्रकारची असतात : शून्य ते नऊ हे दहा अंक, आणि इंग्रजी ए पासून एफ पर्यंतची सहा अक्षरे. संभाव्य ताळ्यांची एकंदर संख्या ७८ अंकी आहे. दोन भिन्न धारिकांचे ताळे योगायोगाने सारखे येण्याची भीती व्यवहारात बाळगण्याचे कारण नाही, ते यामुळेच.

या ताळ्याचा दुसरा गुण असा, की धारिकेत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ताळा थोडासा बदलत नाही, तर संपूर्ण बदलतो. त्यामुळे ताळा पाहणाऱ्याला ‘जवळपास जुळतो’ असे म्हणण्याची सोयच राहत नाही. तो एक तर तंतोतंत जुळतो, नाही तर जुळत नाही. तिसरा गुण असा, की ताळ्यावरून मूळ मजकूर परत काढण्याची रीत उपलब्ध नाही. म्हणून एखाद्या मोठ्या गोपनीय दस्तऐवजाचा ताळा उघडपणे नोंदवहीत लिहून ठेवला, तरी दस्तऐवज त्यातून वाचता येत नाही.

याआधीचे दोन प्रकार अद्याप काही ठिकाणी दिसतात, म्हणून त्यांची ओळख असावी. ‘एमडी-५’ चा ताळा ३२ चिन्हांचा व ‘शा-१’ चा ४० चिन्हांचा असतो. २००४ साली चीनमधील वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ चा ताळा सारखाच येणारे दोन भिन्न मजकूर प्रत्यक्ष दाखविले. २०१७ साली ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राची संशोधन संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी शा-१ बाबतही तेच सिद्ध केले. दिसावयास भिन्न अशा दोन पीडीएफ धारिकांचा ताळा एकच आला. प्रत उतरताना झालेला अपघाती बिघाड ओळखण्यास हे जुने प्रकार आजही पुरतात. परंतु जेथे फसवणुकीची शंका आहे, तेथे त्यांवर विसंबू नये. नवीन काम शा-२५६ नेच करावे.

प्रत्यक्ष कृती

ताळा काढण्यासाठी संगणकाला कळफलकावरून लेखी आज्ञा द्यावी लागते. आज्ञा इंग्रजी लिपीत टंकावी. येथे तिची अक्षरे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

विंडोज प्रणाली असलेल्या संगणकावर धारिका जेथे ठेवली असेल तो कप्पा, म्हणजे फोल्डर, उघडावा. खिडकीच्या वरच्या बाजूस पत्त्याची पट्टी असते. तीवर टिचकी मारून, असलेला मजकूर पुसून तेथे सी-एम-डी ही तीन अक्षरे लिहावीत आणि एंटर कळ दाबावी. काळ्या रंगाची एक खिडकी उघडेल. तीत पुढील चार गोष्टी क्रमाने, प्रत्येकीत एक मोकळी जागा सोडून लिहाव्यात :

पहिली, ‘सर्टयुटिल’ हा शब्द. त्याची अक्षरे सी-ई-आर-टी-यू-टी-आय-एल.
दुसरी, एक आडवी रेघ आणि तिला जोडून ‘हॅशफाइल’. त्याची अक्षरे एच-ए-एस-एच-एफ-आय-एल-ई.
तिसरी, धारिकेचे पूर्ण नाव, टिंबानंतरच्या अक्षरांसह. नावात मोकळी जागा असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे.
चौथी, प्रकाराचे नाव, म्हणजे एस-एच-ए आणि त्याला जोडून २५६; हा आकडा इंग्रजी अंकांत लिहावा.

एंटर दाबताच ६४ चिन्हांचा ताळा पडद्यावर येतो. चौथी गोष्ट गाळू नये. ती गाळल्यास दुसऱ्याच प्रकारचा ताळा निघण्याचा संभव असतो. धारिका मोठी असेल तर उत्तर येण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा.

लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत, उदाहरणार्थ उबुंटूत किंवा सी-डॅकने तयार केलेल्या ‘बॉस’ मध्ये, काम आणखी सोपे आहे. टर्मिनल उघडून ‘शा-२५६-सम’ ही आज्ञा, म्हणजे एस-एच-ए, २५६ आणि एस-यू-एम ही सर्व अक्षरे सलग लिहावीत, आणि मोकळी जागा सोडून धारिकेचे नाव लिहावे. या आज्ञेने अनेक धारिकांचे ताळे एकाच यादीत साठविता येतात. पुढे कधीही त्याच आज्ञेपुढे आडवी रेघ व सी हे लहान अक्षर जोडून यादीचे नाव दिले, की संगणक प्रत्येक धारिका नव्याने तपासतो आणि शाबूत असलेल्या धारिकेपुढे ‘ओके’ व बिघडलेलीपुढे ‘फेल्ड’ असा शेरा देतो. शेकडो छायाचित्रांची तपासणी अशा रीतीने एका आज्ञेत आटोपते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

वर्गात हा विषय समजावून देण्यासाठी पुढील प्रयोग करून पाहावा. नोटपॅडमध्ये इंग्रजी वर्णमालेतील पहिली तीन लहान अक्षरे, ए-बी-सी, सलग लिहावीत. त्यानंतर मोकळी जागा सोडू नये, एंटरही दाबू नये. ही धारिका जतन करून तिचा शा-२५६ ताळा काढावा. तो ‘बी ए ७ ८ १ ६ बी एफ’ या चिन्हांनी सुरू होईल आणि ‘एफ २ ० ० १ ५ ए डी’ या चिन्हांनी संपेल. पणजीत काढा, बेळगावात काढा किंवा बडोद्यात काढा. हे उत्तर सर्वत्र सारखेच येते. आता तीच धारिका उघडून सी या अक्षरानंतर एकदाच एंटर दाबावा, पुन्हा जतन करावी व पुन्हा ताळा काढावा. डोळ्यांना मजकुरात काहीच फरक दिसणार नाही. ताळा मात्र मुळापासून बदललेला आढळेल. त्यानंतर धारिकेचे केवळ नाव बदलून पाहावे. या वेळी ताळा बदलणार नाही, कारण तो आतील मजकुराचा असतो, वरच्या नावाचा नव्हे.

या प्रयोगाला जोडून एक खूण ध्यानात ठेवावी. अजिबात मजकूर नसलेल्या, शून्य लांबीच्या धारिकेचा ताळाही ठरलेला आहे. तो ‘ई ३ बी ० सी ४ ४ २’ या चिन्हांनी सुरू होतो. लिनक्सवर काढलेल्या यादीत हा ताळा वारंवार दिसू लागला, तर तेथे केवळ नावे उतरली असून आत काही नाही, असे समजावे.

कोणत्या कृतीने ताळा बदलतो

अनेकदा ताळा जुळत नाही आणि मनुष्य उगाच घाबरतो. अथवा नसता आरोप करतो. म्हणून निरुपद्रवी कारणेही माहीत असावीत. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले तर ते आकाराने लहान केले जाते. पलीकडे पोहोचणारी धारिका वेगळी असते व तिचा ताळाही वेगळा येतो. तेच छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास जसेच्या तसे जाते. टंकलिखित पत्र उघडून, एकही अक्षर न बदलता, पुन्हा जतन केले तरी आतील तारीख-वेळेची नोंद बदलून ताळा बदलू शकतो. कागद छापून पुन्हा स्कॅन केला तर ती सर्वस्वी नवी धारिका होय. नुसते उघडून वाचले आणि जतन न करता बंद केले, तर सामान्यतः ताळा कायम राहतो. सारांश, ज्या धारिकेचा ताळा नोंदविला असेल ती मूळ प्रत म्हणून बाजूस ठेवावी आणि रोजच्या कामासाठी तिची दुसरी प्रत वापरावी.

पेनड्राइव्हवरील प्रत तपासताना आणखी एक दक्षता घ्यावी. प्रत उतरताच लगेच ताळा काढला, तर संगणक कधीकधी पेनड्राइव्हवरून न वाचता स्वतःच्या स्मरणात असलेल्या मजकुरावरूनच उत्तर देतो. म्हणून पेनड्राइव्ह रीतसर काढून, शक्य तर दुसऱ्या संगणकाला लावून, मगच ताळा घ्यावा. वर सांगितलेला बनावट पेनड्राइव्ह अशा तपासणीत हमखास उघडा पडला असता.

ताळा ठेवावा कोठे

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तिजोरीची किल्ली कोणी तिजोरीतच ठेवीत नाही. धारिका आणि तिचा ताळा एकाच पेनड्राइव्हवर ठेवला, तर धारिका बदलणारा ताळाही बदलून ठेवील, आणि मग दोन्ही एकमेकांशी सुरेख जुळतील. ताळ्याने नेहमी वेगळ्या वाटेने जावे. धारिका पेनड्राइव्हवर गेली तर ताळा कागदावर जावा. धारिका इंटरनेटवरून गेली तर ताळा दूरध्वनीवर वाचून दाखवावा.

परदेशातील एक घटना या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘लिनक्स मिंट’ ही विनामूल्य संगणक-प्रणाली जगभर वापरली जाते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी तिच्या संकेतस्थळात चोरट्यांनी शिरकाव केला व प्रणाली उतरवून घेण्याचा दुवा बदलून लोकांना एका दूषित प्रतीकडे वळविले. दुसऱ्याच दिवशी चालकांनी ही गोष्ट उघडपणे कबूल केली, अस्सल प्रतींचे ताळे जाहीर केले आणि आपापली प्रत ताडून पाहण्यास लोकांना सांगितले. ज्यांचा ताळा जुळला नाही त्यांना आपण फसलो हे कळले. परंतु ज्या घरात चोर शिरला, त्याच घराच्या भिंतीवरचा ताळा पाहून निश्चिंत होता येत नाही, हेही यातून दिसून आले.

आपल्या पंचायतीत वा शाळेत हे कसे साधावे? समजा, मुख्याध्यापकांनी वार्षिक निकालपत्रकाची धारिका पक्की केली. त्याच दिवशी तिचा ताळा काढावा. बांधीव, पानांवर क्रमांक घातलेल्या नोंदवहीत दिनांक, धारिकेचे नाव, ताळ्याचा प्रकार आणि ६४ चिन्हे शाईने लिहावीत. ती चार-चारच्या सोळा गटांत लिहिल्यास वाचणे व ताडणे सोपे जाते. खाली दोघांनी सह्या कराव्यात. मोडीतल्या पत्रावर मोर्तब उठविण्यासारखेच हे काम आहे. पाच वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणांबद्दल वाद निघाला, तर धारिकेचा नवा ताळा त्या पानाशी ताडावा. जुळला, तर गुण त्या दिवसापासून बदललेले नाहीत, हे वादी आणि प्रतिवादी दोघांनाही दाखविता येईल.

नोंद त्याच दिवशी करण्यावर भर देण्याचे कारण स्पष्ट आहे. वाद उत्पन्न झाल्यानंतर काढलेला ताळा एवढेच सांगतो, की यापुढे धारिका बदलली नाही. त्यापूर्वी काय घडले याविषयी तो मुका असतो.

कायद्यातील स्थान

हा विषय केवळ संगणक जाणणाऱ्यांचा राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये संगणकीय सहीची जी रीत सांगितली आहे, तीत हॅशचा स्पष्ट उल्लेख आहे. अशी सही करताना दस्तऐवजाचा ताळा काढून त्यावर सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने मोहर उठविली जाते. संगणकीय सहीच्या दाखल्यातील एक अक्षर बदलले तरी ती सही अवैध दिसू लागते, ते यामुळे.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला. त्याच्या कलम ६३ नुसार संगणकातील वा भ्रमणध्वनीतील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करताना तिच्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. अधिनियमाच्या अनुसूचीत या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. त्याचा पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. दोन्ही भागांत धारिकेचा हॅश, म्हणजेच ताळा, आणि तो कोणत्या प्रकाराने काढला हे लिहावे लागते. नमुन्यात शा-१, शा-२५६ व एमडी-५ ही तिन्ही नावे आहेत. वर सांगितलेल्या कारणास्तव शा-२५६ ची निवड करणे श्रेयस्कर होय. बांधावरील अतिक्रमणाचे चलच्चित्र असो, धमकीचे ध्वनिमुद्रण असो किंवा दुकानातील चोरी टिपणाऱ्या कॅमेऱ्याची नोंद असो, ती हाती येताच तिचा ताळा काढून लिहून ठेवणाऱ्या ग्रामस्थाची बाजू पुढे बळकट होते.

ताळ्याच्या मर्यादा

साधनाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. धारिका बदलली आहे, एवढेच ताळा सांगतो. कोठे बदलली, कोणी बदलली व का बदलली, हे तो सांगत नाही. बिघडलेली धारिका तो दुरुस्तही करीत नाही. त्यासाठी दुसरी चांगली प्रत निराळ्या ठिकाणी असावीच लागते. ताळ्यामुळे दोहोंतील चांगली कोणती हे ओळखता येते. महत्त्वाच्या संग्रहाची वर्षातून एकदा तरी ताळ्यांच्या यादीवरून तपासणी केल्यास, एक प्रत बिघडत असतानाच दुसरीवरून ती भरून काढता येते.

तसेच ताळा जुळला म्हणून मजकूर खरा ठरत नाही. खोट्या पंचनाम्याचाही ताळा व्यवस्थित निघतो आणि दर वेळी व्यवस्थित जुळतो. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आणि सही करणाऱ्यावर पूर्वीइतकीच आहे. जे लिहिले गेले ते नंतर कोणी पालटले नाही, एवढीच साक्ष ताळा देतो. परंतु ही साक्ष लहान नाही. सामान्य माणसाचे हक्क बहुधा एखाद्या नोंदीवर अवलंबून असतात, आणि ती नोंद शाबूत असल्याचे त्याला स्वतःच्या हाताने, कोणाच्या शब्दावर विसंबून न राहता, पडताळून पाहता येते.

ज्या गावात धालोची ती गीते हरवली, तेथे आता दुसऱ्या वाड्यावरच्या स्त्रियांकडून पुन्हा ध्वनिमुद्रण सुरू झाले आहे. सगळी गीते परत मिळाली नाहीत, मिळणारही नाहीत. मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन घरी ठेवल्या जातात, आणि एका जाड नोंदवहीत त्याच संध्याकाळी ६४ चिन्हांची एक ओळ लिहिली जाते. दोन्ही प्रती त्या ओळीशी जुळल्याखेरीज मूळ मुद्रण पुसावयाचे नाही, असा तेथील कार्यकर्त्यांनी नियम केला आहे. प्रत्येक शाळेने, पंचायतीने आणि वाचनालयाने हा नियम अंगी बाणवावा.